कोट खुंटीवर का राहिला? ओतकामगारांच्या संरक्षक कपड्यांच्या चाचणीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

टोकाच्या हवामानातले कपडे म्हटलं की डोळ्यांपुढे सियाचिन येतं, नाहीतर अंतराळवीर. मे महिन्यातल्या सोलापूरची फाउंड्री कुणाच्या मनात येत नाही. बाहेर पारा ४१-४२ अंशांवर, वर पत्र्याची शेड, आणि शेडच्या आत १४०० अंशांपेक्षा जास्त तापलेलं लोखंड हाताने वाहून नेणारी माणसं. ज्या कपड्यांची चाचणी लष्करी संशोधन संस्था वर्षानुवर्षं करतात, त्याच जातीचा प्रश्न इथे रोज दुपारी दोन ते पाच उभा असतो.

हे प्रकरण शहराजवळच्या एका मध्यम फाउंड्रीतलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. इंडक्शन फर्नेसमध्ये, म्हणजे विजेच्या भट्टीत, भंगार आणि पिग आयर्न (कच्चं लोखंड) वितळवायचं, लेडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, घ्यायचं, वाळूच्या साच्यांत ओतायचं, असं काम. मोठे साचे क्रेनच्या लेडलने भरतात. लहान साच्यांना अजून हाताचा लेडल लागतो: लांब दांडा, दोन्ही टोकांना दोघे, मध्ये धगधगतं मेटल. या जोड्यांचा वेळ घड्याळाशी बांधलेला असतो, कारण मेटल थंड पडलं की साचा अर्धवट भरतो आणि कास्टिंग रिजेक्ट होतं.

फाउंड्रीचं मुख्य गिऱ्हाईक वाहन उद्योगातलं. त्यांच्या ऑडिटमध्ये ओतकामगार घरच्या शर्टावर काम करताना दिसले आणि शेरा आला. परचेसने घाईघाईने ॲल्युमिनाइज्ड कापडाचे पूर्ण लांबीचे कोट मागवले. मागे-पुढे बंद, कॉलर उंच, आत ज्वालारोधक अस्तर, चकचकीत. सोबत लॅबचे दाखले. पुढच्या ऑडिटला कोट अंगावर होते, शेरा मिटला.

कोट शिवणारं युनिट सोलापुरातलंच. चादर-टॉवेलच्या या गावात गेल्या काही वर्षांत युनिफॉर्म शिवणारे पुष्कळ झाले आहेत. शाळेच्या गणवेशापासून सुरुवात करून काहीजण कारखान्यांच्या कपड्यांकडे वळले. माझं काम या युनिटला कापड आणि चाचण्यांबाबत सल्ला देण्याचं, म्हणून पुढचं सगळं जवळून पाहता आलं.

अडचण

हिवाळाभर कोट चालले. मार्च संपला तसे ते खुंटीवर दिसू लागले. सेफ्टी ऑफिसर शेडमध्ये शिरला की कुणीतरी हळूच शीळ घालायचं आणि दोन मिनिटांत सगळे चकचकीत व्हायचे. तो ऑफिसकडे वळला की कोट परत खुंटीवर.

एप्रिलमध्ये एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. एका ओतकामगाराच्या हातावर मेटलचे शिंतोडे उडाले. कोट खुंटीवर होता, अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट. जखम बरी झाली, डाग राहिला. त्यानंतर तीनच दिवसांनी दुसरा एक जण, दिवसभर इमानदारीने कोट घालून काम केलेला, पायांत गोळे येऊन आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन शेडबाहेर बसला. त्याला सलाइन लावावं लागलं.

व्यवस्थापनाने पहिल्या घटनेची नोंद अपघात म्हणून केली, दुसरीची ‘तब्येत बिघडली’ म्हणून. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गुरुकिल्ली इथे आहे. दोन्ही घटना एकाच कोटाच्या होत्या. एकात तो अंगावर नव्हता म्हणून इजा झाली, दुसऱ्यात तो अंगावर होता म्हणून. पण नोंदवह्या दोन असल्यामुळे त्या एकत्र वाचल्याच गेल्या नाहीत.

परचेसचं म्हणणं सरळ होतं: माल दाखल्यासह आला आहे, कामगार बेशिस्त आहेत, दंड लावा. सेफ्टी ऑफिसरला ते पटत नव्हतं, कारण तो स्वतः एकदा कोट घालून अर्धा तास भट्टीपाशी उभा राहिला होता. सगळ्यांत जुने ओतकामगार, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी त्याला ऐकवलं होतं, “साहेब, हे घालून भट्टीपाशी जायचं म्हंजे एका भट्टीत बसून दुसरीकडं जायचं. तुमी अर्धा तास घातलात. आमी पाळी काढतो.”

दाखला काय सांगत होता

दाखला खोटा नव्हता. कोट आयएसओ ११६१२ या, उष्णता आणि ज्वालेपासून वाचवणाऱ्या कपड्यांच्या मानकाप्रमाणे तपासलेला होता. या मानकात अक्षरांनी वर्ग दिले जातात: ए म्हणजे ज्वाला पसरणं, बी ज्वालेची उष्णता, सी किरणांनी येणारी उष्णता, म्हणजे धग, डी वितळलेल्या ॲल्युमिनियमचे शिंतोडे, ई वितळलेल्या लोखंडाचे, एफ तापलेल्या वस्तूचा स्पर्श. फाउंड्रीला सी आणि ई महत्त्वाचे, आणि कोटाचे दोन्ही वर्ग चांगले होते.

पण हे वर्ग कसे ठरतात ते पाहिलं पाहिजे. सी साठी कापडाच्या तुकड्यावर दर चौरस मीटरला २० किलोवॅटचा झोत सोडतात आणि मागच्या सेन्सरचं तापमान २४ अंशांनी वाढायला किती सेकंद लागतात ते मोजतात. ई साठी कापडामागे त्वचेऐवजी पीव्हीसीचा पातळ पापुद्रा ताणतात आणि कापडावर वितळलेलं लोखंड ओततात. पापुद्र्याला इजा न होता किती ग्रॅम सोसलं त्यावर वर्ग. ६० ग्रॅमपासून ई१, १२० पासून ई२, २०० आणि वर ई३.

दोन्हींमध्ये माणूस नाही. सेकंदांचा हिशेब आहे, पाळीचा नाही. कापडाच्या आतल्या अंगाला स्वतःची उष्णता निर्माण करणारं, घाम गाळणारं शरीर आहे हे या चाचण्या विचारातच घेत नाहीत, आणि घ्यावं अशी त्यांच्याकडून अपेक्षाही नाही. जड काम करणारा माणूस ४०० वॅटच्या आसपास उष्णता तयार करतो. बाहेरची हवा त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, गरम असली की ही उष्णता बाहेर टाकायचा घाम वाळणं हाच एक मार्ग उरतो. एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता नेतो. तोच घाम कोटाच्या अस्तरात मुरला किंवा बुटात निथळला तर जवळजवळ काहीच नेत नाही. ॲल्युमिनियमचा थर बाहेरची धग परतवतो, पण आतली वाफ अडवतो.

समोरचे पर्याय

बैठकीत मालक, सेफ्टी ऑफिसर, युनिटचे मालक, कंत्राटदार आणि मी होतो. मामांना बोलवा असं सेफ्टी ऑफिसरने सुचवलं. पहिल्या बैठकीला बोलावलं गेलं नाही.

दंडाचा पर्याय मालकांनीच बाजूला ठेवला, आणि त्यामागचं कारण माणुसकीचं कमी, हिशेबाचं जास्त होतं. दुपारच्या पाळीत अर्धवट भरलेल्या कास्टिंगचं प्रमाण सकाळपेक्षा जास्त होतं. थकलेली जोडी हळू चालते, मेटल वाटेतच गार होतं. कपड्याचा प्रश्न रिजेक्शनशी जोडला गेला तेव्हा खोलीतला सूर बदलला. सेफ्टीच्या बैठकीत उत्पादनाचा आकडा घेऊन जावं, असं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो.

मग थंडावा देणाऱ्या जाकिटांचा विषय निघाला. पाण्यात भिजवून घालायची जाकिटं स्वस्त मिळतात आणि सोलापूरच्या कोरड्या हवेत ती उत्तम चालतील असं कुणालाही वाटेल. ओतकामाच्या रांगेवर मात्र ती नकोच. ओल्या कापडावर वितळलेलं लोखंड पडलं की पाण्याची क्षणात वाफ होते. वाफेने भाजतंच, शिवाय मेटल उसळतं. याच कारणाने गळ्यात ओला टॉवेल गुंडाळायची सवयही धोक्याची होती, आणि टर्किश टॉवेलच्या सुतांच्या फासांत तर शिंतोडा घसरून न जाता अडकून बसतो. टॉवेलच्या गावात टॉवेलवर बंदी घालायची म्हणून थोडा हशा झाला. बर्फाचे कप्पे असलेली जाकिटं महाग, जड, आणि थंडावा संपला की नुसतंच ओझं.

तिसरी वाट: कोट काढून फक्त ज्वालारोधक सुती शर्ट-पँट. युनिटच्या मालकांना हे आवडलं, शिवायला सोपं. चौथी वाट मधली होती: तोच ज्वालारोधक सुती पोशाख, त्यावर पुढून ॲल्युमिनाइज्ड एप्रन, बाह्यांसह, पाठ उघडी. शिवाय बुटावर गेटर (बूट आणि नडगी झाकणारं आवरण) आणि चेहऱ्याला शील्ड. तर्क असा की धग समोरून येते, मग पाठ बंद कशाला?

या तर्काला थोडा आधार होता. हवेची उष्णता, दमटपणा आणि धग एकत्र मोजणाऱ्या डब्ल्यूबीजीटी या निर्देशांकाच्या आयएसओ ७२४३ मानकात कपड्यांसाठी त्यात मिळवायचे वाढीव अंश दिले आहेत. साध्या कामाच्या कपड्याला शून्य, कापडी पोशाखावर वाफ अडवणारा लांब बाह्यांचा एप्रन घातला तर ४, आणि वाफ अडवणारा पूर्ण बंद पोशाख असेल तर १० ते १२. चमकदार थर परतवतो ती धग या अंशांत धरलेली नाही, म्हणून ते जसेच्या तसे लावणं चूक. पण दिशा स्पष्ट होती.

प्रयोगशाळेतल्या माणसाच्या आकाराच्या पुतळ्यावरची चाचणी करून घ्यावी का, हाही मुद्दा होता. घाम गाळणारा पुतळा दोन पोशाखांमधला फरक नेमका दाखवतो, आणि त्याला थकवा येत नाही म्हणून आकडे दरवेळी तेच येतात. आमच्या दृष्टीने तीच अडचण होती. पुतळा कोट काढून खुंटीला लावत नाही. घालणाऱ्यांवर, त्यांच्याच रांगेवर, त्यांच्याच उन्हाळ्यात चाचणी घ्यायचं ठरलं.

चाचणीची आखणी

तीन पोशाख: जुना पूर्ण कोट, नुसता सुती ज्वालारोधक, आणि उघड्या पाठीचा एप्रन. प्रत्येक माणसाने तिन्ही घालायचे, वेगवेगळ्या दिवशी, क्रम बदलून. म्हणजे प्रत्येकाची तुलना स्वतःशीच. एक घामट आणि एक कोरडा माणूस यांची आपसांत तुलना करण्यात अर्थ नसतो.

पहिला खरा पेच मोबदल्याचा निघाला. कंत्राटी जोड्यांना साच्यामागे दर होता. ‘त्रास वाटला की थांबा’ असं अशा माणसाला सांगणं म्हणजे ‘स्वतःचा रोज कापा’ असं सांगणं. त्याच्याकडून खरी माहिती कधीच मिळाली नसती. तो पडेपर्यंत थांबला नसता. कंत्राटदार कुरकुरला, पण चाचणीच्या दिवसांपुरता दिवसाचा पूर्ण पगार ठरला, थांबलं तरी तोच. सहभाग ऐच्छिक. नाही म्हटलं तर काम जाणार नाही हे मालकांनी सगळ्यांसमोर स्वतः सांगितलं, आणि तरीही एक जण नाही म्हणाला. त्याचं नाही म्हणणं निमूट मान्य झालं, हे इतरांनी पाहिलं. मला वाटतं, बाकीच्यांच्या होकाराला किंमत तिथून आली.

डॉक्टरांनी आधी तपासलं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना वगळलं. नवे, उष्णतेला न सरावलेले हेल्पर घेतले नाहीत. शरीर सरावायला एक ते दोन आठवडे लागतात आणि तोवरचे आकडे फसवे असतात.

मग काय मोजायचं? शरीराच्या आतलं तापमान हे सर्वांत थेट माप, आणि इथे सर्वांत अवघड. गिळायच्या सेन्सर-गोळ्या परवडणाऱ्या नव्हत्या. गुदमार्गाने मोजण्याचा विषय काढण्याचीही कुणाची तयारी नव्हती. कानातला इन्फ्रारेड थर्मामीटर भट्टीसमोरून आलेल्या तापलेल्या चेहऱ्यावर विश्वासार्ह नाही. जिभेखालचा थर्मामीटर वापरायचा तर आधी पंधरा मिनिटं पाणी पिता येत नाही, आणि या कामात पंधरा मिनिटं पाण्यावाचून ठेवणं हाच धोका. शेवटी जिभेखालचं तापमान फक्त शंका आल्यावर, काम थांबवायच्या निर्णयासाठी ठेवलं.

मुख्य मापं दोन राहिली, दोन्ही जुनी आणि स्वस्त. पहिलं, विश्रांतीतली नाडी, ब्रूहा यांच्या पद्धतीने: ओतणं संपलं की खाली बसायचं, पहिल्या मिनिटाच्या उत्तरार्धात नाडी मोजायची, पुन्हा तिसऱ्या मिनिटाच्या उत्तरार्धात. तिसऱ्या मिनिटाला ९० च्या खाली आली तर ठीक. ९० च्या वरच राहिली आणि दोन मोजण्यांत १० चाही फरक पडला नाही, तर शरीर सावरत नाही असं समजायचं. छातीच्या पट्ट्याचे खेळाडूंचे मॉनिटर आणले होते, पण मनगटावर बोटं ठेवून मोजलेली नाडी हीच नोंदवहीत गेली. एका हेल्परला ती शिकायला अर्धा दिवस लागला.

दुसरं माप वजन. सुरुवातीला आणि शेवटी अंग पुसून, चड्डीवर. मध्ये प्यायलेलं पाणी बाटलीतून मोजून, लघवीही मोजून. त्याबरोबर कपड्यांचं वजन, आधी कोरडे आणि नंतर भिजलेले. यातून किती घाम गेला आणि त्यातला किती कापडातच राहिला हे दोन्ही कळतं. डिस्पॅचचा काटा १०० ग्रॅमच्या पटीत वाचायचा, तो बाद. २० ग्रॅम दाखवणारा प्लॅटफॉर्म काटा भाड्याने आणावा लागला, आणि तो क्रेन चालताना हलतो हे लक्षात आल्यावर स्टोअरच्या मागच्या खोलीत गेला.

कामगिरी म्हणून टॅपिंगपासून (भट्टीतून मेटल काढण्यापासून) शेवटच्या साच्यापर्यंतचा वेळ आणि त्या खेपेची रिजेक्ट कास्टिंग नोंदवली. सुरुवातीला प्रत्येकाने पोशाखात ठरलेल्या हालचाली करायच्या: हात डोक्यावर, उकिडवं बसणं, कंबरेतून वळणं, पायऱ्या चढणं. रासायनिक पोशाखांसाठीच्या एएसटीएम एफ११५४ मध्ये अशा हालचाली आहेत, त्यांतल्या उपयोगाच्या उचलल्या. जुन्या कोटात उकिडवं बसताना कॉलर हनुवटीला टेकून शील्ड वर ढकलली जाते, हे त्या पाच मिनिटांत दिसलं. वर्षभर कुणी पाहिलं नव्हतं. ओतकामगारांना अर्थात ठाऊक होतं.

चाचणीत काय दिसलं

मे महिन्यातल्या एका दुपारी रांगेवर नैसर्गिक ओला पारा (ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरचा) २५ आणि काळ्या गोळ्याचं (धग शोषणाऱ्या काळ्या गोळ्यातल्या थर्मामीटरचं) तापमान ४७ अंश होतं. शेडखालचं सूत्र वापरलं (ओल्या पाऱ्याचे ०.७ आणि गोळ्याचे ०.३) तर डब्ल्यूबीजीटी ३१.६ येतो. जड काम करणाऱ्या, सरावलेल्या माणसासाठी मानकातला संदर्भ अंक २६ आहे. म्हणजे कोणताही कपडा घातला तरी सलग काम करण्याची ती जागा नव्हतीच. हे आधी स्वीकारावं लागलं: कपडा बदलून विश्रांती वाचणार नाही.

पूर्ण कोटात बहुतेकांची नाडी तिसऱ्या मिनिटालाही ९० च्या वर होती, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर दोन मोजण्यांतला फरक मिटत चालला. ५८ किलोच्या एका ओतकामगाराचं उदाहरण देतो. दोन तासांच्या सत्रात त्याचा १२०० ग्रॅम घाम गेला. त्यातला सुमारे ६०० ग्रॅम कोटात, अस्तरात आणि आतल्या कपड्यांत सापडला. म्हणजे निम्म्या घामाने त्याला गारवा दिलाच नाही. उघड्या पाठीच्या एप्रनमध्ये त्याच माणसाचा घाम १००० ग्रॅम, कपड्यांत २५० च्या आसपास. घाम कमी, आणि वाळलेला घाम जास्त. पाण्याने भरून न निघालेली घट वजनाच्या दीड टक्क्याच्या, म्हणजे त्याच्यासाठी ८७० ग्रॅमच्या, आत ठेवायची होती. ती तिन्ही पोशाखांत राहिली, कारण पाणी मोजून दिलं जात होतं. एरवी कोण मोजतं?

नुसता सुती पोशाख नाडीच्या हिशेबाने सर्वांत सुसह्य निघाला. पण लेडल धरून चालताना मांडीचा पुढचा भाग आणि पुढच्या हाताची आतली बाजू चांगलीच पोळायची. माणसं दांडा अंगापासून लांब धरू लागली, पावलं अडखळली आणि ओतायचा वेळ वाढला. कामगिरी मोजली नसती तर आम्ही हाच पोशाख निवडला असता.

वजनाच्या खोलीत कपडे उतरवताना आणखी एक गोष्ट उघडी पडली. निम्म्या लोकांच्या आत गणेशोत्सव मंडळांचे टी-शर्ट होते, छातीवर बाप्पा, पाठीवर प्रायोजकाचं नाव, कापड शंभर टक्के पॉलिएस्टर. वर ई३ दर्जाचं कापड आणि आत धग लागली की वितळून कातडीला चिकटणारं. दाखल्यात आतल्या बनियनचा रकाना नसतो. फुकट मिळालेला शर्ट कामाला वापरायचा हा हिशेब त्यांच्या बाजूने बरोबरच होता. सुती बनियन कारखान्याने द्यायचे ठरले.

उघड्या पाठीचा पेच

एप्रन जिंकणार हे दिसत असताना मामांनी (आता ते बैठकीला येत होते) विचारलं, “पुढं धग, बरोबर. पण मागची जोडी ओतत असंल तवा माझ्या पाठीला कोण बघणार?”

प्रश्न रास्त होता. जोड्या एकाच गल्लीतून ये-जा करत, आणि एक ओतत असताना दुसरी पाठमोरी जात असे. युनिटने एप्रनला मागून अर्धी झडप लावून दाखवली. झडप चालताना फडफडायची, आणि तिच्याखाली पाठीवरचा घाम पुन्हा साचू लागला. वाद दोन दिवस चालला. शेवटी कपडा तसाच ठेवून गल्ली बदलली: भरलेला लेडल एका बाजूने जाणार, रिकामा दुसऱ्या बाजूने परतणार, आणि कुणी ओतत असलेल्या साच्यापाशी दुसरी जोडी थांबणार नाही. जमिनीवर पिवळे पट्टे मारले. साच्यांच्या दोन ओळी हलवाव्या लागल्या, सुपरवायझर आठवडाभर चिडलेला होता.

पोशाखाच्या चाचणीतून जमिनीवरचे पट्टे निघतील असं सुरुवातीला कुणाला वाटलं नव्हतं. तरी मला हा या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय वाटतो.

पुढे काय झालं

उघड्या पाठीचा एप्रन, सुती ज्वालारोधक शर्ट-पँट, सुती बनियन, गळ्याला टॉवेलऐवजी सपाट विणीच्या ज्वालारोधक कापडाची पट्टी. शर्ट पँटच्या बाहेर, पँट बुटाच्या वर, तिला दुमड नाही, खिशांना झडपा, म्हणजे मेटलला अडकायला जागा नाही. विश्रांतीची शेड रांगेपासून दूर, तिथे पंखा आणि कोपरापर्यंत हात बुडवायला गार पाण्याच्या टाक्या. हात पाण्यात ठेवून बसण्याला आधी हसले. नंतर टाकीपाशी जागेवरून भांडणं झाली.

कपडे अंगावर राहू लागले, शीळ बंद झाली. दुपारच्या रिजेक्शनमध्ये उतार दिसला, पण गल्ली, विश्रांती आणि कपडा एकदमच बदलल्यामुळे श्रेय कशाला द्यायचं हे सांगता येणार नाही. युनिटच्या मालकांना ते जाहिरातीत एप्रनच्या नावावर लावायचं होतं, मी अडवलं.

मग धुलाई आडवी आली. लोक कपडे घरी नेत, बोअरच्या पाण्यात वडीच्या साबणाने आणि सोड्याने घासत. जड पाण्यात साबणाचा चुनकट थर कापडावर बसतो आणि तो थर पेट घेऊ शकतो, मग खालचं कापड कितीही चांगलं असो. काही धुण्यांनंतर बाहीच्या शिवणीतून घेतलेल्या पट्टीला ज्योत लावून पाहिली, ती हवी तशी लगेच विझली नाही. त्यावर उपाय गावातच होता. टॉवेलच्या एका डाईंगमध्ये पाणी मृदू करणारं यंत्र होतंच. आठवड्याचे कपडे तिथे साबणाशिवाय डिटर्जंटने आणि ब्लीच न घालता धुऊन घेतले जाऊ लागले. प्रत्येकाला तीन जोड द्यावे लागले, खर्च वाढला आणि मालकांनी तो बराच काळ बोलून दाखवला.

वेगळं काय करता आलं असतं

चाचणी मेमध्ये घेतली, कारण मे सर्वांत गरम. जूनमध्ये पहिले पाऊस झाले, पारा ३५ वर आला आणि सुपरवायझरने विश्रांतीच्या वेळा कमी केल्या. हवा गार झाली ना! नाड्या मात्र चढल्या. मोजलं तर ओला पारा २८, गोळा ४३, डब्ल्यूबीजीटी ३२.५. म्हणजे मेपेक्षा जास्त. कोरड्या मेमध्ये एप्रनच्या उघड्या पाठीवरून घाम झरझर वाळत होता, जूनच्या दमट हवेत तो तितका वाळेना. सोलापुरात पावसाचा जोर सप्टेंबरपर्यंत लांबतो, तेव्हा हा काळ छोटा नाही. चाचणीचा अर्धा भाग जूनसाठी राखायला हवा होता. आता विश्रांतीच्या वेळा साध्या थर्मामीटरवर न ठरवता ओल्या पाऱ्यावर ठरतात. तो बदल जूनच्या तिसऱ्या आठवड्यात झाला, एप्रिलमध्ये होऊ शकला असता.

मामांना पहिल्या बैठकीपासून बसवलं असतं तर गल्लीचा प्रश्न आखणीतच आला असता आणि झडपेवरचे दोन दिवस वाचले असते.

साच्यामागचा दर चाचणीनंतर परत आला. हे सर्वांत अपुरं राहिलेलं काम. विश्रांती सक्तीची आहे, पण ती घेणाऱ्याचे साचे कमी भरतात, आणि महिनाअखेरीला काही जोड्या टाकीपाशी बसायचं टाळतात. विश्रांतीच्या वेळेचा ठोक मोबदला द्यावा असा प्रस्ताव मालकांपुढे आहे, त्यांनी नाही म्हटलेलं नाही.

आणि हातमोजे. तिन्ही पोशाखांत एकच जुना हातमोजा वापरला, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलायची होती. कारण योग्य होतं, पण त्यामुळे दांड्यावरची पकड, बोटांचा थकवा आणि मोज्याच्या तोंडातून बाहीत शिरणारा शिंतोडा यांविषयी आमच्याकडे एकही नोंद नाही. पुढच्या उन्हाळ्याची चाचणी त्याच्यापासून सुरू करायची आहे, आणि यावेळी ती जूनपर्यंत चालणार आहे.